पट्टी उतरल्यावर

मंडळी, आधी एक कबुली देते. २०१८ च्या पानगळीत, अमेरिकेत, मी लोकगायिका जोन बाएझला पहिल्यांदा समोर बसून ऐकलं, आणि पहिल्या दोन गाण्यांतच माझा चेहरा पडला. तिकीट काढल्यापासून जो आवाज मनात घोळवत होते तो आलाच नाही. आली ती बारीक कापलेल्या रुपेरी केसांची, सत्त्याहत्तर वर्षांची बाई. गळ्यात गिटार, आणि आवाज खाली खरखरीत, वर जायला नाखूश. मी गाणं शिकवते. शिकवणाऱ्याच्या कानाला एक वाईट खोड असते, तो आधी चुका मोजायला बसतो. शेजारी मैत्रीण होती. तिच्या कानाशी लागून मी म्हटलं, "पट्टी उतरवलीये गं बरीच." जसा काही मोठा शोधच लावला होता.

आज मला त्या उतरलेल्या पट्टीबद्दलच बोलायचं आहे. (पट्टी म्हणजे गायक आपला 'सा' ज्या उंचीवर धरतो ती.)

बाएझचा इतिहास तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल, म्हणून भरभर जाते. (तिला 'ती'च म्हणते हां, लाडक्या गायिकेला आपण अहो-जाहो करत नाही.) जन्म जानेवारी १९४१. बॉस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये कॉफीहाउसांतून गायला सुरुवात. १९५९ मध्ये, अठराव्या वर्षी, न्यूपोर्टच्या पहिल्याच लोकसंगीत महोत्सवात लोकगायक बॉब गिब्सननं तिला पाहुणी म्हणून मंचावर बोलावलं आणि एका संध्याकाळीत नाव झालं. १९६० मध्ये पहिली रेकॉर्ड. नोव्हेंबर १९६२ मध्ये 'टाइम'च्या मुखपृष्ठावर. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनच्या नागरी हक्क मोर्चात लाखोंच्या समोर 'वी शॅल ओव्हरकम'. त्याचं हिंदी रूप, गिरिजाकुमार माथुरांचं 'हम होंगे कामयाब', आपण सगळे शाळेच्या मैदानावर उन्हात उभे राहून गायलो आहोत. १९७२ च्या डिसेंबरात हनोईवर अमेरिकी बाँब पडत होते तेव्हा ही बाई हनोईत होती.

पण हे सगळं झालं तिच्याबद्दल. आवाजाचं काय?

ती जुनी रेकॉर्ड काढून ऐका. हरकती नाहीत, मुरक्या नाहीत, गाणं सजवायचा कसलाही प्रयत्न नाही. सूर ताठ, काचेसारखा, आणि त्यावर एक बारीक, जलद कंप. वरच्या जागा इतक्या सहज की ऐकणाऱ्याला वाटावं, या मुलीला वर आणि खाली हा फरकच माहीत नसावा. त्या आवाजाला लपायला जागा नव्हती. साथीला एक गिटार, बस्स. आपल्याकडे तानपुऱ्यावर नुसता षड्ज लावायला सांगितलं की भल्याभल्यांना घाम फुटतो ना, तसलं ते उघडं गाणं.

आणि नेमका असलाच आवाज वयापुढे सगळ्यात आधी हरतो. गळ्यात होतं काय, तर स्वरतंतूंचे स्नायू बारीक होतात, त्यांच्या कडा पूर्वीसारख्या घट्ट मिटत नाहीत आणि मधल्या फटीतून हवा निसटते. ती हवा म्हणजेच आपण ज्याला घोगरेपणा म्हणतो तो. स्वरयंत्राच्या कूर्चा कडक होतात, छातीचा पिंजरा कडक होतो, श्वास आखूड पडतो. रजोनिवृत्तीनंतर बाईचा आवाज खाली उतरतो. म्हाताऱ्या पुरुषाचा उलट थोडा वर चढतो, हा निसर्गाचा विनोद. कंप मंदावतो आणि रुंदावतो, सूर डोलायला लागतो. तार सप्तक आधी जातं. माझंच सांगते, काळी पाचवरून मी काळी चारवर आले त्या वर्षी विद्यार्थिनींना सांगितलं की हार्मोनियम नवीन आहे. हसू नका. तुमचीही वेळ येईल.

बाएझनं असा बहाणा केला नाही. वरचा आवाज आता येत नाही, खालचा शोधून त्यातच घर करावं लागलं, हे तिनं जाहीरपणे सांगितलेलं आहे. त्या दौऱ्याचं नावच 'फेअर दी वेल' होतं, म्हणजे सरळ 'येते मी'. गंमत अशी की तिच्या १९६० च्या पहिल्या रेकॉर्डवर याच शब्दांचं एक जुनं गाणं आहे. येतानाच निरोपाचं गाणं घेऊन आली होती म्हणायची.

गिटारच्या मानेवर एक चिमटा लावतात, त्याला कॅपो म्हणतात. तो वर सरकवला की पट्टी चढते, खाली आणला की उतरते, बोटांना नवीन काही शिकावं लागत नाही. मला बाल्कनीच्या पुढच्या रांगेतून तिचे हात स्वच्छ दिसत होते. कॅपो खाली, आणि उजव्या हाताचा अंगठा मात्र घड्याळासारखा. आवाज थकला होता, अंगठा थकला नव्हता. साथीला दोन पुरुष. त्यांतला एक बॅंजो, फिडल, अकॉर्डियन, जे हाताला लागेल ते वाजवणारा. शिवाय एक तरुण गायिका. ओळ वर चढायची वेळ आली की ती मुलगी पुढे यायची आणि वरचा सूर घ्यायची. बाएझ खालून तिला धरून ठेवायची. सुरुवातीला मला ते ठिगळ वाटलं. मग लक्षात आलं की खालचा सूर जरासा हलला की वरचा लगेच पोरका होतो. इमारत तोलून धरणारी बाई खालीच उभी होती.

हे ऐकून असं समजू नका की म्हातारपणाला मी सोन्याचा मुलामा देतेय. दोन गाणी सरळ फसली. एका ठिकाणी श्वास मधेच संपला, शब्द तुटला. सगळा तोटा काही खोलीत रूपांतरित होत नाही, काही तोटा नुसता तोटाच असतो. मध्यंतर नव्हतं, पण बाहेर पाण्याच्या नळाशी दोन गृहस्थ भेटले. दोघेही तिच्याच वयाचे, एकाच्या हातात काठी. काठीवाला म्हणाला, आवाज राहिला नाही. दुसरा म्हणाला, आपलं काय राहिलंय? आणि दोघं परत आत गेले.

आता माझा मुद्दा. १९६० च्या दशकात लोकसंगीत गाणाऱ्या या मुलामुलींनी जी गाणी उचलली ती त्यांच्या वयाची नव्हतीच. फ्रान्सिस चाइल्ड नावाच्या हार्वर्डच्या प्राध्यापकानं १८८२ ते १८९८ च्या दरम्यान इंग्लंड-स्कॉटलंडची ३०५ जुनी कथागीतं छापून ठेवली होती. त्यात फाशी जाणाऱ्या दासी, बुडालेली जहाजं, मारलेली बाळं, दगा दिलेले प्रियकर. बाएझच्या पहिल्या रेकॉर्डवरची मेरी हॅमिल्टन त्यांतलीच, राणीची सखी, आपलंच तान्हं पाण्यात सोडून वधस्तंभाकडे निघालेली. हे गाते कोण, तर एकोणीस वर्षांची मुलगी. गाणी म्हातारी आणि गाणारी कोवळी, असा तो मामला होता. लोकांना तो विरोधच भावला, त्या कोवळेपणालाच त्यांनी गाणं समजून डोक्यावर घेतलं. आपण म्हणतो 'आता तिचा आवाज राहिला नाही', तेव्हा आपण त्या कोवळेपणाची आठवण काढत असतो. गाण्याला तर या वयाच्या बाईची साठ वर्षं वाट पाहावी लागली होती.

एक गाणं जवळून बघू. २८ जानेवारी १९४८ ला कॅलिफोर्नियात लॉस गाटोसच्या दरीत एक विमान कोसळलं. ३२ माणसं गेली, त्यांतले २८ जण मेक्सिकोला परत पाठवले जाणारे शेतमजूर. बातम्यांत वैमानिक आणि इतरांची नावं आली, मजुरांना नुसतं 'हद्दपार केलेले' म्हटलं गेलं. लोकगायक वुडी गथ्रीनं ते वाचून कविता लिहिली. मेलेल्यांना काल्पनिक नावं देऊन निरोप देणारी. चाल नंतर मार्टिन हॉफमन नावाच्या एका शिक्षकानं दिली. त्या मजुरांची खरी नावं थडग्यावर कोरली जायला २०१३ साल उजाडलं. बाएझ हे गाणं कित्येक दशकं गात आलेली. पण २०१८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर मुलांना आईबापांपासून वेगळं काढलं जात होतं, आणि त्यानंतर काही महिन्यांनीच आम्ही तिथं बसलो होतो. तिनं भाषण केलं नाही. गाण्याचं नाव सांगितलं आणि सुरू केलं. ध्रुवपदातली नावं आली तेव्हा तिनं ती गायली नाहीत, हजेरी घ्यावी तशी उच्चारली. सुरेल आवाजात ती नावं गोड झाली असती. त्या खरखरीत आवाजात ती माणसांची नावं वाटली.

आणि एक खोडकर जागा. 'डायमंड्स अँड रस्ट' हे तिचं स्वतःचं गाणं, १९७५ चं, जुन्या प्रियकराच्या अवचित आलेल्या फोनवरचं. तो प्रियकर म्हणजे बॉब डिलन, हे उघड गुपित. त्यात 'दहा वर्षांपूर्वी' असे शब्द आहेत. ती वय वाढेल तशी हा आकडा बदलत गेली. त्या रात्री तो पन्नासावर आला होता आणि सगळं सभागृह खदखदून हसलं. मूळ गाण्याच्या शेवटी ती म्हणते, आठवणींचे हिरे आणि गंज देणार असशील तर मी त्याची किंमत आधीच चुकवली आहे. नंतरच्या वर्षांत तिथं ती म्हणायची, हिरे घेते मी! छापील ओळीला असं करता येत नाही. लावणीच्या बैठकीत जुनी बाई पदरची ओळ घालते ना, तसंच हे.

डिलनचं नाव निघालंच आहे तर सांगते. तो तिच्याहून जेमतेम साडेचार महिन्यांनी धाकटा. त्याचा मार्ग निराळा. २०२१ च्या नोव्हेंबरात मिलवॉकीला सुरू झालेल्या त्याच्या दौऱ्यात प्रेक्षकांचे फोन पिशव्यांत कुलूपबंद करून घेत. तो मंद उजेडात पियानोमागे बसायचा आणि जुन्या गाण्यांच्या चाली ओळखू येणार नाहीत इतक्या मोडायचा. काहींना तो अपमान वाटतो. मला वाटतो तो हट्ट, आणि तो हट्ट मी समजू शकते. लोकगायक पीट सीगरचं तिसरंच. जानेवारी २००९ मध्ये ओबामांच्या शपथविधीआधी लिंकन स्मारकासमोर तो उभा होता, एकोणनव्वद वर्षांचा. आवाज जवळजवळ उरलाच नव्हता. तो प्रत्येक ओळ आधी ओरडून सांगायचा आणि समोरची गर्दी ती गायची. आवाज नसला तरी त्याचं काही अडलं नाही, कारण त्यानं जन्मभर लोकांनाच गायला लावलं होतं.

बाएझच्या साथीला दोन पुरुष होते म्हटलं, त्यांतला तालवाद्यं वाजवणारा तिचा मुलगा, गेब्रिएल. १९६९ च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात, त्या चिखलात, ती गायली तेव्हा हा पोटात होता, सहावा महिना, आणि सैन्यभरतीला नकार दिला म्हणून त्याचा बाप तुरुंगात. आता मुलाचेही केस पिकायला लागलेले. अधूनमधून तो आईकडे बघायचा, ती त्याच्याकडे बघायची नाही. ताल चुकणार नाही याची खात्री असली की गायक साथीदाराकडे बघत नाही.

मग 'राइझिंग सन'चं गाणं आलं. न्यू ऑर्लिन्सच्या बदनाम घरात आयुष्य उधळलेली बाई ते गाते. हेही १९६० च्या रेकॉर्डवरचंच. त्यात एक ओळ आहे: माझ्या धाकट्या बहिणीला सांगा, मी केलं तसं करू नकोस. बाएझला खरीच धाकटी बहीण होती, मिमी. तीही गायची. तिनं १९७४ मध्ये 'ब्रेड अँड रोझेस' ही संस्था काढली, तुरुंगांत आणि इस्पितळांत कलाकारांना नेऊन फुकट गाणं ऐकवणारी. बाएझनं ही ओळ पहिल्यांदा रेकॉर्ड केली तेव्हा मिमी पंधरा वर्षांची होती. २००१ मध्ये कर्करोगानं गेली.

रेकॉर्डवर ती ओळ उंच जाते, घंटेसारखी. त्या रात्री तिनं ती वर नेली नाही. तरुण गायिकाही पुढे आली नाही. ओळ खालीच ठेवली, जवळजवळ बोलल्यासारखी, आणि 'बहीण' या शब्दानंतर अंगठा एक ठोका थांबला.

अंधारात मैत्रिणीनं माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "आता कुठली पट्टी गं?"

मला सांगता आलं नाही.