छातीतील पाणी आणि त्यामागचे आवरण

श्रोतेहो, नमस्कार.

"डॉक्टर, छातीत पाणी झालंय म्हणतात," असे सांगत रुग्णाचे नातेवाईक एक्स-रे पुढे करतात, तेव्हा पाणी किती आहे आणि ते केव्हा काढणार, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असते. आम्ही डॉक्टरही सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर पुष्कळदा तेवढेच विचारतो, आणि मग अहवालात 'डाव्या बाजूला अंदाजे 600 मिली पाणी' यापलीकडे काही येत नाही. आज मला बोलायचे आहे ते या चिठ्ठीवर सहसा न लिहिल्या जाणाऱ्या दुसऱ्या प्रश्नाविषयी: ज्या आवरणातून हे पाणी झिरपले, ते आवरण कसे दिसते?

फुप्फुसाभोवती पातळ आवरणाचे दोन पदर असतात, एक फुप्फुसाला चिकटलेला आणि दुसरा बरगड्यांच्या आतल्या बाजूस अस्तरासारखा लागलेला. एरवी त्यांच्यामध्ये वंगणापुरते काही मिलिलिटर द्रव असते. हृदय थकले, न्यूमोनिया झाला, क्षयाचा किंवा कर्करोगाचा आवरणात शिरकाव झाला, की हे द्रव वाढते. आपल्याकडे क्षय इतका सर्रास आढळतो, की एका बाजूला पाणी दिसताच प्रथम त्याचीच शंका येते, आणि ती बहुतेक वेळा रास्तही असते. अडचण अशी, की क्षयात आणि कर्करोगात काढलेल्या पाण्यात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशीच अधिक सापडू शकतात, आणि आवरणाचा कर्करोग असतानाही सुमारे 40 टक्के रुग्णांच्या पाण्याच्या पहिल्या तपासणीत कर्करोगाच्या पेशी मिळत नाहीत. पेशी मिळाल्या नाहीत म्हणून कर्करोग नाही, असे मानून क्षयाचे औषध सुरू झाले, तर हातचे महिने निघून जातात. माझ्या एका रुग्णाच्या बाबतीत मीच असे चार महिने घालवले आहेत, आणि त्याची खंत मला आजही आहे.

सोनोग्राफी येथे उपयोगी पडते. रुग्णाला स्टुलावर बसवून, हात पुढे उशीवर टेकवून, पाठीकडून बरगड्यांच्या फटींमधून प्रोब फिरवला, की पाणी काळे दिसते आणि त्याखाली श्वासपटलाची पांढरी कमान श्वासाबरोबर खालीवर होताना दिसते. हवेने भरलेल्या फुप्फुसातून ध्वनिलहरी आरपार जात नाहीत. पाणी मात्र त्यांना वाट करून देते, आणि त्या वाटेनेच श्वासपटलावरचे व फुप्फुसावरचे आवरण नीट न्याहाळता येते. पाण्यात तंतूंची जाळी दिसली, तर क्षय किंवा न्यूमोनियानंतरचा जंतुसंसर्ग अधिक संभवतो, पण त्यावरून कर्करोग नाही असे म्हणता येत नाही. उलट, नितळ काळे पाणीही निर्धोक समजू नये, कारण कर्करोगातील पाणी अनेकदा तसेच दिसते.

खरी माहिती आवरण देते. 2009 साली 'थोरॅक्स' या नियतकालिकात इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी कर्करोगाचा संशय असलेल्या 52 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाहेरच्या पदराची जाडी 1 सेंटीमीटरहून अधिक असणे, आवरणावर गाठी असणे आणि श्वासपटल 7 मिलिमीटरहून जाड असणे, ही लक्षणे त्यात कर्करोगाकडे ठळकपणे बोट दाखवणारी ठरली. कर्करोग निघालेल्या 33 जणांपैकी 26 जणांचा रोग सोनोग्राफीने ओळखला, आणि ज्या 19 जणांना कर्करोग नव्हता, त्यांपैकी एकालाही चुकून कर्करोग ठरवले नाही.

हे आकडे उत्साहवर्धक आहेत, पण रुग्णसंख्या लहान आहे आणि उरलेल्या 7 जणांचे काय, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. गाठी दिसल्या नाहीत म्हणून निश्चिंत होता येत नाही. जुना क्षय किंवा पू होऊन गेलेल्या आवरणालाही जाडी येते, मात्र ती बहुधा सलग व गुळगुळीत असते; क्षयात क्वचित बारीक गाठीही दिसतात. शिवाय हृदयाकडचे, छातीच्या मध्यभागातले आवरण सोनोग्राफीच्या नजरेआड राहते, त्यासाठी सी.टी. स्कॅनच करावा लागतो. अंतिम निदान आवरणाचा तुकडा काढूनच होते, पण तो तुकडा नेमका कोठून घ्यायचा, हे सोनोग्राफी दाखवते. अंदाजाने सुई घालण्यापेक्षा जाड जागा किंवा गाठ पाहून, तिथली रक्तवाहिनी टाळून सुई घालणे रुग्णाच्या जिवाच्या दृष्टीने केव्हाही अधिक सुरक्षित. तेवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर थोरॅकोस्कोपी करून, म्हणजे दुर्बीण छातीत घालून, आवरण प्रत्यक्ष पाहता येते.

म्हणून व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे, की धाप असह्य झालेली नसेल, तर सगळे पाणी काढून टाकण्याआधी सोनोग्राफी करून घ्यावी, कारण पाणी गेले की ती वाटही बंद होते. चिठ्ठीवर पाण्याच्या प्रमाणाबरोबरच आवरणाची जाडी, गाठी आणि श्वासपटलाची स्थिती विचारावी. आणि श्रोतेहो, आपल्या घरात कोणाच्या छातीत पुन्हा पुन्हा पाणी होत असेल, किंवा क्षयाची औषधे नियमित घेऊनही ते भरतच असेल, वजन उतरत असेल, पूर्वी अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात काम केलेले असेल, तर जुने सारे एक्स-रे आणि अहवाल बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांना विचारा: "आवरण पाहिलंत का?"