कृत्रिम हात किती उपयोगी पडतो, हे मोजायचे कसे?

इंदूरमध्ये हा विषय मांडताना मी एका घरापासून सुरुवात करते. पीथमपूरच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या, इंदूरच्याच एका मराठी कुटुंबातल्या गृहस्थांचा उजवा हात कोपराच्या खाली तुटला होता. खांद्यावरून पट्टा आणि त्याला जोडलेली तार, म्हणजे खांदा पुढे ढकलला की बोटे उघडतात, अशा साध्या बनावटीचा हात त्यांना बसवला गेला. तपासणीच्या खोलीत मी त्यांच्यासमोर मधोमध उभी फळी असलेली लाकडी पेटी ठेवली आणि अडीच सेंटीमीटरचे ठोकळे एकेक करून फळीच्या पलीकडे टाकायला सांगितले. ‘बॉक्स अँड ब्लॉक’ नावाची ही चाचणी जगभर वापरली जाते. 60 सेकंदांत जितके ठोकळे पलीकडे जातील, तितके गुण. पहिल्या दिवसापेक्षा सहाव्या आठवड्यात त्यांचे गुण बरेच वाढले होते, आणि मी कागदावर समाधानाने ‘प्रगती चांगली’ असे लिहिले.

तीन महिन्यांनी त्यांच्या घरी गेले, तेव्हा तो हात दाराआडच्या खिळ्याला, पंच्यात गुंडाळून टांगलेला होता. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “मॅडम, हा लग्नकार्यालाच निघतो.”

त्या दिवसापासून माझ्या संशोधनाचा प्रश्न बदलला. हात काय करू शकतो हे आपण टेबलावर मोजतो. माणूस त्या हाताने दिवसभरात काय करतो हे त्याच्या घरी, शेतात किंवा कारखान्यात घडत असते, आणि या दोन गोष्टी एकच आहेत असे आपण फार सहज गृहीत धरतो.

हात वापरणे सोडून देणारे लोक थोडे नाहीत. 2007 साली कॅनडातल्या दोन संशोधकांनी आधीच्या 25 वर्षांतले अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा प्रौढांमध्ये तारेवर चालणारा हात नाकारण्याचे सरासरी प्रमाण 26 टक्के आणि विजेवर चालणाऱ्या हाताचे 23 टक्के निघाले. मुलांमध्ये हेच आकडे 45 आणि 35 टक्के होते. यात एक मेख आहे. ज्याने हात सोडून दिला तो पुन्हा दवाखान्यात येतच नाही, त्यामुळे दवाखान्यात येणाऱ्यांवर केलेला अभ्यास आपोआपच वापरणाऱ्यांच्या बाजूने झुकतो. म्हणून सोडून गेलेल्यांचा पत्ता शोधून त्यांच्या घरी जाणे, हे काम कितीही कंटाळवाणे असले तरी, मी संशोधनाचा गाभा मानते.

आता चाचण्यांकडे पाहू. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन येथे तयार झालेल्या प्रसिद्ध चाचणीत 26 कृती असतात. त्यांपैकी 12 निरनिराळ्या आकारांच्या वस्तू उचलण्याच्या आणि 14 रोजच्या जगण्यातल्या. नाणी उचलणे, बटणे सोडणे, बरणीचे झाकण उघडणे, किल्ली फिरवणे, चेन लावणे अशा या कृतींची वेळ रुग्ण स्वतःच बटण दाबून नोंदवतो, आणि साधारण निरोगी हाताचे गुण 100 धरले जातात. चाचणी काटेकोर आहे, मी ती आदराने वापरते. पण तिच्यात कणीक मळणे नाही, साडीच्या निऱ्या नाहीत, ओला पंचा पिळणे नाही. आपल्या स्वयंपाकघरात हळदीचा डाग कृत्रिम हातावर चढवलेल्या हातमोज्यावर एकदा पडला की तो जात नाही, आणि पिवळी पडलेली बोटे चारचौघांत नेण्यापेक्षा बाई हात घरी ठेवणे पसंत करते. हे कोणत्याही गुणपत्रिकेत उतरत नाही. माळव्यातल्या मे महिन्याचेही तसेच. सॉकेटमध्ये, म्हणजे उरलेला हात ज्यात बसतो त्या खोबणीत, घाम साचतो, सॉकेट सरकतो, आणि स्नायूंचे क्षीण विद्युतसंकेत त्वचेवरून टिपणाऱ्या मायोइलेक्ट्रिक हाताचे इलेक्ट्रोड चुकीचे संकेत पकडू लागतात. वातानुकूलित खोलीत घेतलेली चाचणी हे दाखवू शकत नाही.

आणखी एक ओझे वेळ मोजून कळत नाही. आपण पेला उचलतो तेव्हा नजर पेल्यावर क्षणभरच टेकते आणि पुढच्या कामाकडे जाते, कारण पकड बसली हे बोटांनाच समजते. कृत्रिम हाताला ती जाणीव नाही. डोळ्यांचा मागोवा घेणाऱ्या उपकरणांनी दाखवले आहे की वापरणाऱ्याची नजर पकड पूर्ण होईपर्यंत त्या हातावरच खिळून राहते. काम होते, पण मन त्यातच गुंतून पडते, आणि संध्याकाळपर्यंत माणूस थकतो.

घरातला वापर मोजायचा एक चांगला मार्ग सॅलफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी वापरला. त्यांनी दोन्ही मनगटांवर हालचाल नोंदवणारी छोटी उपकरणे बांधून लोकांना आपापल्या घरी जाऊ दिले. तेव्हा दिसले की हात दिवसभर अंगावर असला तरी बहुतेक काम शाबूत हातच करत असतो. ‘किती तास घालता?’ हा आमचा जुना प्रश्न त्यामुळे अपुरा ठरला.

पण उपकरणही सगळे सांगत नाही. त्या गृहस्थांना मी विचारले, लग्नातच का? ते म्हणाले, “नमस्कार करायला दोन हात लागतात ना, मॅडम.” हालचालींच्या आलेखात ती दोन सेकंदांची नोंद दिसलीही नसती. तरीही मी तिला उपयोग म्हणते, आणि ‘वापर बंद’ या रकान्यात त्यांचे नाव घालायला माझा ठाम नकार आहे.

निघताना मी विचारले, आमच्या यादीत तुम्हाला काय घालावेसे वाटते? ते बराच वेळ गप्प राहिले. पत्नी चहा टाकायला आत गेल्यावर हळू आवाजात म्हणाले, “पायजम्याची नाडी.” डाव्या एका हाताने ती बांधता येत नव्हती, आणि तो हात घालूनही गाठ घट्ट बसत नव्हती. हा प्रश्न आता आमच्या तक्त्यात आहे, आणि तो विचारण्याआधी घरातल्या इतरांना थोडा वेळ बाहेर बसायची विनंती केली जाते.