अनुभव नसताना ६,०८८ मीटर? बोलिव्हियाच्या वायना पोतोसीची खरी गोष्ट

नमस्कार मंडळी!

"बर्फावर कधी पाय ठेवला नाही, तरी सहा हजार मीटरचं शिखर जमेल का?" ट्रेकवाल्यांच्या ग्रुपवर हा प्रश्न फिरतच असतो. पूर्वी त्याचं ठरलेलं उत्तर होतं, लडाखचं स्टोक कांगरी. ते २०२० मध्ये बंद झालं आणि काही जणांची नजर थेट दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वतरांगेपर्यंत गेली. तिथे बोलिव्हियात वायना पोतोसी नावाचं शिखर आहे, उंची ६,०८८ मीटर. ला पाझ शहरात टूरवाल्यांच्या गल्लीत शिरलात की दर चार दुकानांमागे पाटी दिसते: तीन दिवसांत शिखर, अनुभवाची गरज नाही.

पाटी खोटी नाही. पण जे सांगायला हवं ते तिच्यावर लिहिलेलं नसतं. आज तेच बोलूया.

[नकाशा: ला पाझ, झोंगो खिंड, वायना पोतोसी]

आधी हा डोंगर सोपा का म्हणतात ते बघा. ला पाझपासून तो जेमतेम पंचवीस किलोमीटरवर आहे, आणि गाडीरस्ता थेट झोंगो खिंडीपर्यंत जातो. खिंडीची उंची सुमारे ४,७०० मीटर. म्हणजे गाडीतून उतरल्यावर शिखरापर्यंत उरतात जेमतेम चौदाशे मीटर. हिमालयात एवढ्या उंचीच्या पायथ्याशी पोहोचायला कित्येक दिवस चालावं लागतं. इथे सकाळी शहरात नाश्ता करून दुपारी हिमनदीवर उभं राहता येतं. नेहमीच्या वाटेवर कड्यांची चढाई नाही, बहुतेक चाल बर्फाच्या उतारावरची. १९१९ साली रुडॉल्फ डीन्स्ट आणि अडॉल्फ शुल्झे या जर्मन गिर्यारोहकांनी हे शिखर पहिल्यांदा गाठलं. त्यांना ना हा रस्ता होता, ना वाटेतल्या झोपड्या.

आता गोम इथेच आहे. जो रस्ता डोंगर सोपा करतो, तोच माणसाला आडवा करतो. हिमालयात ते चालण्याचे दिवस कंटाळवाणे वाटतात खरे, पण त्याच दिवसांत शरीर उंचीला सरावत असतं. इथे गाडीने ते दिवस खाऊन टाकलेत. ते तुम्हाला स्वतःहून परत घालावे लागतात.

जरा आकडे बघा. ला पाझचा विमानतळ एल आल्तोला आहे, ४,०६१ मीटरवर. आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ अडीचपट. विमानाचं दार उघडतं तेव्हाच तुम्ही अशा हवेत असता, जिथे दर श्वासाला मुंबईच्या साठ टक्क्यांच्या आसपास प्राणवायू मिळतो. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण सगळीकडे तेच असतं, २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. शिखरावर तो दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही थोडा खाली जातो.

आणि एक गैरसमज आत्ताच काढून टाकूया. "मी दर रविवारी गड करतो, मॅरेथॉन पळतो, मला काय होतंय?" होतं. उंची लागणं, म्हणजे विरळ हवेने आजारी पडणं, आणि दमसास यांचा फारसा संबंध नाही. उलट तगडे लोकच पहिल्या दिवशी दणादण चढतात आणि रात्री डोकं धरून बसतात. ज्याला धाप लागते तो आपोआप हळू चालतो आणि वाचतो.

मग करायचं काय? ला पाझचा मध्यभाग विमानतळापेक्षा खाली, साधारण ३,६०० मीटरवर आहे. उतरल्यावर सरळ तिथे जा, हळूहळू फिरा. शहरातून वर एल आल्तोला जाणारे रोपवे २०१४ पासून सुरू आहेत. त्यांतून वर जाऊन तिथला बाजार फिरून यायचं आणि झोपायला खाली, हीसुद्धा तयारीच. मग दोन दिवस तितिकाका सरोवराकडे. ३,८१२ मीटर उंची, आणि तिथल्या बेटांवर चढउताराच्या छान पायवाटा आहेत. शेवटी एका दिवसात चकाल्ताया हा डोंगर करून या. तिथे गाडी पार वरपर्यंत जाते आणि ५,३०० मीटरच्या आसपास शरीर कसं वागतं याचा अंदाज येतो. एकेकाळी तिथे स्कीइंग चालायचं, जगातल्या सर्वात उंच स्की-उतारांपैकी एक. २००९ पर्यंत तिथली हिमनदी संपूर्ण वितळली. आता फक्त दगड आणि रिकामी इमारत.

म्हणजे तीन दिवसांच्या डोंगरासाठी आधी आठवडा. पाटीवर हा आठवडा नसतो, कारण तो कुणी विकत नाही.

गोळ्यांबद्दल विचारणा होणारच, तेव्हा सांगतो. अॅसिटाझोलामाइड, म्हणजे आपली डायमॉक्स, ही मूत्रपिंडावाटे क्षार बाहेर टाकायला लावते, रक्त किंचित आम्लधर्मी होतं आणि श्वास आपोआप वाढतो. सराव लवकर होतो, एवढंच. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं. सल्फाची अॅलर्जी असेल तर भानगड होऊ शकते, म्हणून निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, व्हिडिओवाल्याला नाही. कोकाच्या पानांचा चहा तिथे घरोघरी, हॉटेलोहॉटेली मिळतो. प्या खुशाल, गरम पाणी पोटात जातं हेही काही कमी नाही. पण पानं पिशवीत टाकून आणू नका. आपल्याकडे ती अंमली पदार्थांच्या कायद्यात बसतात.

[खाणीजवळच्या दफनभूमीचं दृश्य]

झोंगोच्या वाटेवर मिलुनी लागतं. कथिलाची जुनी खाण, तांबूस पाण्याचा तलाव आणि खाणकामगारांची दफनभूमी, मागे वायना पोतोसी पांढराशुभ्र. १९६५ साली लष्कराने इथल्या कामगारांवर हल्ला केला होता. बहुतेक गाड्या इथे फोटोपुरत्या थांबतात. जरा जास्त थांबायला सांगा.

पहिला दिवस बर्फावरच्या सरावाचा. बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे खिळ्यांचे साचे बांधायचे, हातात आइस अॅक्स, म्हणजे बर्फाची कुदळ, आणि चालणं नव्याने शिकायचं. पाय जवळ आणले तर एका पायाचे खिळे दुसऱ्या पायाच्या विजारीत अडकतात आणि माणूस तोंडावर पडतो. त्यामुळे पहिल्यांदा धोतर नेसलेल्या नवरदेवासारखं फेंगडं चालावं लागतं. घसरलो तर पालथं होऊन अॅक्स बर्फात रुतवायची, हे गाइड दहादा करून घेतो. कंटाळू नका.

दुसऱ्या दिवशी सगळं सामान पाठीवर घेऊन वरच्या झोपडीत. ती ५,१०० ते ५,२०० मीटरच्या आसपास. संध्याकाळी सहाला सूप पिऊन झोपायचं, असं म्हणायचं फक्त. झोप कुणालाच लागत नाही. शेजारचा श्वास घेतो, घेतो, आणि अचानक थांबतो. आपण अंधारात मोजत राहतो. मग तो एकदम मोठा उसासा टाकून परत सुरू होतो. पहिल्यांदा ऐकलं की पोटात गोळाच येतो, पण उंचीवर झोपेत हे सर्रास होतं. तुमच्या शेजारचाही तुमचे श्वास मोजत असतो.

मध्यरात्री उठवतात. इतक्या आडवेळी का? रात्री बर्फ कडक असतो. हिमनदीत खोल भेगा असतात, आपले गिर्यारोहक त्यांना क्रिव्हास म्हणतात, आणि त्यांच्यावर बर्फाचे पूल साचलेले असतात. गोठलेले असताना ते वजन पेलतात. ऊन चढलं की भुसभुशीत होतात. म्हणून उजाडताना शिखरावर आणि ऊन तापायच्या आत खाली, हा हिशोब.

आता दोराचं गणित नीट ऐका, कारण शिखर बहुतेक वेळा इथेच ठरतं. एका दोरावर तिघं: पुढे गाइड, मागे दोन पाहुणे. एखादा भेगेत गेला तर इतर दोघांनी त्याला धरायचं. याचाच दुसरा अर्थ असा, की एक जण थकला तर तिघांचीही चढाई थांबते. गाइड कुणाला बर्फावर एकटं सोडू शकत नाही.

माझ्या दोरावर हेच झालं. मधल्या खड्या भिंतीवर, जिथे उतार पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, तिथे जोडीदाराला उलट्या सुरू झाल्या. हेडलॅम्पच्या उजेडात त्याचा चेहरा पिठासारखा दिसत होता, आणि हातमोज्याची पट्टी त्याला लावता येत नव्हती. बोटं तिथेच चाचपडत राहायची. गाइडने त्याला सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगितलं. चौथ्याला तो झोकांडला. बस्स. ना चर्चा, ना समजूत. दोराचा क्रम उलटा झाला, आम्ही पुढे आणि गाइड मागे, कारण उतरताना पडणाऱ्याला वरूनच रोखता येतं. मला डोकंही दुखत नव्हतं. वर दिव्यांची रांग शिखराकडे सरकत होती. राग आला का? आला, चांगलाच आला. पण तोल जाणं हे मेंदूला सूज येत असल्याचं लक्षण असू शकतं, आणि त्यावर पहिला उपाय एकच, उतरणं. झोपडीपर्यंत आलो तोवर त्याने चहा मागून घेतला होता.

ज्यांच्या भरवशावर आपण जातो, त्यांच्याबद्दलही बोलायला हवं. इथले बरेच गाइड आयमारा या तिथल्या मूळ रहिवासी समाजाचे. त्यांच्या बायका या झोपड्यांमध्ये स्वयंपाक करायच्या, ओझी वाहायच्या. २०१५ मध्ये त्यांच्यापैकी काही जणींनी ठरवलं, आता वर जाऊन बघायचंच, आणि त्या आपल्या घेरदार पोयेरा घागऱ्यांवर हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचे पट्टे बांधून वायना पोतोसी चढल्या. चोलिता एस्कालादोरास, म्हणजे गिर्यारोहक चोलिता, म्हणून त्या आता ओळखल्या जातात. जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्यातल्या काही जणी अर्जेंटिनातल्या ६,९६१ मीटरच्या अकोंकाग्वा शिखरावर पोहोचल्या, घागऱ्यांसकट. "योग्य गिअर नाही म्हणून थांबलोय" म्हणणाऱ्यांना हा फोटो पाठवा.

जायचं तर मे ते सप्टेंबर. तिथे तेव्हा हिवाळा असतो, कोरडा आणि कडाक्याचा. डिसेंबर ते मार्च पाऊस आणि ताजा बर्फ, तेव्हा नवख्याने नाद करू नये. पाण्याच्या पिशवीची नळी रात्री गोठते, साधी बाटली जॅकेटच्या आत ठेवा. मोबाइलही आतल्या खिशात, नाहीतर बॅटरी बसते.

टूरवाल्याकडे पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा. एका गाइडमागे किती जण? दोनपेक्षा जास्त म्हणाला तर पुढचं दुकान बघा. आणि माझा जोडीदार परतला तर माझं काय? "बघू तेव्हा" हे उत्तर चालणार नाही. काही जण जादा पैसे घेऊन प्रत्येकाला स्वतंत्र गाइड देतात. परवडत असेल तर तेच घ्या. बूट भाड्याचेच मिळतील, ते आदल्या संध्याकाळी दुकानात, जाड मोजे घालून, जिन्यावरून उतरून बघा. उतरताना अंगठा पुढे टेकला तर एक नंबर मोठा मागा.