कॉर्न स्नेकचा मॉर्फ ओळखायचाय? आधी काय गायब आहे ते बघा

नमस्कार मंडळी. आपल्याकडे पाळलेला कॉर्न स्नेक नक्की कुठल्या मॉर्फचा, म्हणजे रंग-नक्षीच्या कुठल्या प्रकारचा आहे, हे कसं ओळखायचं त्यावर आज बोलणार आहे. बहुतेक जण काय करतात, साप समोर घेतात आणि नेटवरचे फोटो बघत बसतात, हा जरा तसा वाटतोय, नाही नाही तो दुसरा जास्त जवळचा वाटतोय, आणि शेवटी जे नाव आवडलं ते त्याला चिकटवून मोकळे होतात. माझं म्हणणं असं आहे की फोटो बाजूला ठेवा आणि एकच प्रश्न विचारा, या सापात कुठला रंग नाहीये?

कारण मूळ रंग तीनच आहेत. काळा-तपकिरी म्हणजे मेलॅनिन, दुसरा लाल-केशरी, तिसरा पिवळा. हा साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, आणि तिथे जंगलात सापडतो त्याच्यात हे तिन्ही असतात. अंग केशरी किंवा राखाडीसर, पाठीवर लाल मोठे चट्टे ज्यांना सगळे सॅडल म्हणतात, प्रत्येक सॅडलला काळी कड, आणि पोटाखाली बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन. हा झाला नॉर्मल. हा नीट डोक्यात बसवा, घाई करू नका, कारण पुढचं सगळं याच्याशी ताडून बघायचंय.

काळा पूर्ण गेला की अ‍ॅमेल. सॅडलची कड पांढरी होते, पोटावरचे काळे चौकोन नाहीसे होतात आणि डोळे लाल-गुलाबी दिसतात. डोळे सगळ्यात आधी बघा असं मी कायम सांगतो ते यासाठीच, प्रकाश कसाही असो, डोळ्याची बाहुली काळी असेल तर तो अ‍ॅमेल नाही, विषय संपला. असा एक नर 1953 साली नॉर्थ कॅरोलायनात जंगलात सापडला होता, त्याच्यापासून सापांचे अभ्यासक बर्नार्ड बेक्टेल यांनी पैदास केली आणि मॉर्फचा हा सगळा पसारा तिथून वाढत गेला. पुढे 2015 मध्ये संशोधकांनी शोधून काढलं की ओसीए2 नावाच्या जीनमध्ये डीएनएचा एक उडी मारणारा तुकडा घुसल्यामुळे हे होतं. माणसांमध्येही याच जीनमधल्या बिघाडाने एक प्रकारचा अल्बिनिझम होतो. मला हे फार भारी वाटतं.

लाल गेला की अ‍ॅनेरी, म्हणजे राखाडी अंगावर काळसर सॅडल. इथे लोक अडकतात, कारण चारकोल नावाचा दुसरा मॉर्फ अगदी तसाच दिसतो. फरक बघायचा तो मानेवर आणि हनुवटीखाली, अ‍ॅनेरी मोठा होता होता तिथे पिवळा रंग चढतो, चारकोलमध्ये तो सहसा येत नाही. पण पिल्लात पिवळा मुळात आलेलाच नसतो! त्यामुळे अंड्यातून नुकत्या बाहेर आलेल्या राखाडी पिल्लाला ठामपणे चारकोल म्हणणं चूक आहे, थांबा, वाढू द्या त्याला. कॅरमेल आणि लॅव्हेंडर या आणखी दोन मॉर्फची पिल्लंसुद्धा लहानपणी अशीच राखाडी-तपकिरी दिसू शकतात.

काळा आणि लाल दोन्ही गेले की स्नो, म्हणजे अ‍ॅमेल अधिक अ‍ॅनेरी. अ‍ॅमेल अधिक चारकोल म्हणजे ब्लिझार्ड.

खरी डोकेदुखी हायपोची आहे. इथे काळा जात नाही, कमी होतो, डोळे गडदच राहतात आणि सॅडलची कड बारीक किंवा तपकिरी होते. आता कमी म्हणजे किती? नॉर्मल सापांतही काही जण जात्याच उजळ असतात, शिवाय सनकिस्ड, लाव्हा असे वेगवेगळे जीन आहेत जे साधारण असंच काम करतात, म्हणून नुसत्या फोटोवरून कोणी छातीठोकपणे हायपो म्हणत असेल तर मला ते पटत नाही. आईबाप माहीत नसतील तर ‘हायपोसारखा दिसतो’ एवढंच लिहावं, त्यात कमीपणा काही नाही.

नक्षी ही वेगळी गोष्ट, ती रंगापासून तोडून बघा. साप हळूच उचलून पोट बघा. चौकोन नाहीत, पोट साफ आहे, आणि पाठीवर सॅडल एकमेकांना जोडले जाऊन मध्ये गोल किंवा लांबट फिके ठिपके राहिलेत, तर मोटली. सरळ रेघा असतील तर स्ट्राइप, दोन्ही एकाच जीनची रूपं आहेत. पोट साफ आणि कुशीवरची नक्षी पुसट झालेली, तर डिफ्यूज्ड. पाठीवर सरळ पट्टा पण कुशीवर बारीक चौकटी, तर टेसेरा, आणि हा डॉमिनंट आहे, आईबापांपैकी एकाकडून आला तरी दिसतो.

काही नावं तर जीनची नाहीतच. सनग्लो आणि कॅंडी केन हे निवडून निवडून वाढवलेले अ‍ॅमेलच. ओकीटी हे साउथ कॅरोलायनातल्या एका भागाचं नाव, तिथल्या सापांच्या जाड काळ्या कडांमुळे ते प्रसिद्ध झालं, आणि आता कुठलाही भडक केशरी साप त्या नावाने विकला जातो, याचा मला राग येतो, कारण घेणारा वंशावळीचे पैसे मोजतो आणि हातात येतो नुसता रंग.

फोटो काढायचाच असेल तर दिवसा सावलीत काढा, फ्लॅश नको, आणि कात टाकून झाल्यावर काढा. कात टाकायच्या आधी रंग मळकट होतो, डोळे निळसर दुधाळ होतात, तेव्हा सगळेच साप अ‍ॅनेरीकडे झुकल्यासारखे वाटतात.

आता हेट. अ‍ॅमेल, अ‍ॅनेरी, हायपो हे रिसेसिव्ह, दोन्हीकडून जीन आला तरच दिसणार. एकच आला तर साप दिसायला नॉर्मल, त्याला हेट म्हणतात, आणि अंगावरच्या कुठल्याही खुणेवरून हेट ओळखता येत नाही, कोणी काहीही सांगो. दोन हेटची जोडी लावली तर साधारण चारात एक पिल्लू तो मॉर्फ दाखवतं, आणि उरलेल्या नॉर्मल दिसणाऱ्या पिल्लांत तीनातली दोन हेट असतात, म्हणून विकताना ‘66 टक्के पॉसिबल हेट’ लिहितात. हा आकडा त्या सगळ्या पिल्लांचा आहे, तुमच्या हातातलं पिल्लू एकतर हेट आहे किंवा नाहीये. पैदाशीआधी खात्री हवी असेल तर आता बऱ्याच मॉर्फसाठी टाकलेल्या कातेवरून डीएनए टेस्ट होते, फक्त कात पूर्ण वाळवून पाठवा.