रानपिंगळ्याचा पत्ता कुणी बदलला?

नमस्कार मंडळी. आज एका घुबडापासून सुरुवात करूया, कारण विषय तसा रुक्षच आहे, डेटा, आणि डेटा म्हटलं की निम्मे लोक रेडिओचा आवाज बारीक करतात.

तर रानपिंगळा. वीतभराचं घुबड, आणि इतर घुबडांसारखं रात्रीचं नाही, हे भर दिवसाही उन्हात बसलेलं दिसतं. १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी, हो तेच, पुढं काँग्रेसच्या स्थापनेत होते ते ह्यूम, त्याचं वर्णन छापलं, नमुना मिळाला होता आजच्या छत्तीसगडात. मग जेम्स डेव्हिडसन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्यानं खानदेशात शहादा-तळोद्याच्या बाजूला आणखी काही मिळवले, आणि १८८४ नंतर हा पक्षी जो गायब झाला तो झालाच. जगभरातल्या म्युझियममध्ये मिळून पेंढा भरलेले सातेक नमुने, बाकी काही नाही.

त्या सातांतला एक होता कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीतज्ज्ञाचा. लेबलवर लिहिलेलं, १९१४, मांडवी, गुजरात. साहेब मोठे, नाव मोठं, मग शंका कोण घेणार? लोक मांडवीकडं शोधत राहिले आणि पक्षी काही सापडेना. नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी ते सगळे नमुने प्रत्यक्ष तपासले, एक्स-रे काढले, आत पेंढा कसा भरलाय ते पाहिलं, आणि लक्षात आलं की साहेबांचा हा पक्षी मुळात डेव्हिडसनचा आहे, ब्रिटिश म्युझियममधनं उचललेला, नव्यानं भरलेला आणि वर स्वतःचं लेबल चिकटवलेला. चक्क चोरी! मग त्यांनी मांडवी यादीतनं काढली, जुन्या खऱ्या लेबलांवरची ठिकाणं धरली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या आणि त्यांचे दोन सहकारी शहाद्याजवळ पोचले, तर रानपिंगळा समोर झाडावर बसलेला. एकशे तेरा वर्षांनी. पुढं तो मेळघाटात सापडला, २०१४ मध्ये तर मुंबईच्या जवळच्या तानसाला.

म्हणजे बघा, लेबल हा त्या पक्ष्याचा सातबारा असतो. कोण, कुठं, कधी, कुणी मिळवला. तो खोटा निघाला तर पेंढा भरलेला पक्षी नुसती शोभेची वस्तू.

आता हे सातबारे पडलेत कुठं? आपल्या सह्याद्रीतली फुलपाखरं, कोकणातले साप, खानदेशातली घुबडं, यातलं कितीतरी ब्रिटिशांच्या काळात बोटीतनं लंडनला गेलं, काही मुंबईत बीएनएचएसकडं, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडं आहे, वाळवलेल्या वनस्पती सेंट झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये, पुण्यात आघारकर संस्थेत, आणि बरंच काही कॉलेजांच्या झूऑलॉजी डिपार्टमेंटच्या कपाटात, डांबरगोळ्यांच्या वासात. रासमुसेनबाईंना एकेका म्युझियमात जावं लागलं. प्रत्येकानं असं विमानाचं तिकीट काढून हिंडायचं का?

याच प्रश्नावर देशांनी एकत्र येऊन २००१ मध्ये जीबीआयएफ सुरू केलं, ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी, लोक त्याला जी-बिफ म्हणतात, जगभरातल्या अशा नोंदी नेटवर एकाच ठिकाणी बघायची सोय, ऑफिस डेन्मार्कला कोपनहेगनमध्ये. सदस्य देश आपापल्या अर्थव्यवस्थेच्या आकारानुसार वर्गणी भरतात आणि वापरणाऱ्याला सगळं फुकट, जळगावच्या एमएससीच्या पोराला पण आणि हार्वर्डच्या प्रोफेसरला पण. २०१८ मध्ये तिथल्या नोंदी एक अब्जाच्या वर गेल्या, दोन अब्जांचा टप्पा चारच वर्षांत ओलांडला.

पण मला विचाराल तर मोठी गोष्ट तो आकडा नाही आणि सर्व्हर तर अजिबात नाही. मोठी गोष्ट म्हणजे सगळ्यांनी रकान्यांची नावं एकच ठेवायची हे कबूल केलं. याला डार्विन कोअर म्हणतात, २००९ मध्ये ते अधिकृत स्टँडर्ड झालं. शास्त्रीय नाव या रकान्यात, तारीख या, अक्षांश या, रेखांश या, आणि नोंद कशाची आहे, पेंढा भरलेला नमुना, कुणी डोळ्यांनी पाहिलं की फोटो, तेही वेगळ्या रकान्यात. ऐकायला अगदीच कारकुनी काम वाटतं, आणि आहेच, पण आपल्याकडं एका खात्याची यादी दुसऱ्या खात्याच्या यादीला जुळत नाही हे रोज बघणाऱ्यांना कळेल की जगभरातली म्युझियम एका रकान्यावर एकमत होणं म्हणजे काय चीज आहे.

रकाने चुकले की काय होतं सांगतो. शहादा साधारण साडेएकवीस अक्षांश, साडेचौऱ्याहत्तर रेखांश. भरणाऱ्यानं दोन्हींची अदलाबदल केली की आपला रानपिंगळा थेट नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात जाऊन पडतो, बेअर आयलंडच्या पूर्वेला, गारठून. हे हसण्यावारी नेऊ नका, अशा अदलाबदली खरंच होतात. रकाना रिकामा सोडला आणि सॉफ्टवेअरनं शून्य-शून्य धरलं तर पक्षी आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात. जीबीआयएफची यंत्रणा असल्या संशयास्पद नोंदींवर खूण लावते. नावाचाही घोळ असतो, कुणी रानपिंगळ्याला हेटेरोग्लॉक्स ब्लूइटी लिहितं, कुणी एथीनी ब्लूइटी, पक्षी तोच, त्यामुळं सगळी नावं एका सामायिक यादीशी जुळवून घ्यावी लागतात.

आता कुणी म्हणेल, माइनर्टझहागेनचं खोटं लेबल पण असंच व्यवस्थित रकान्यात बसलं असतं की! बसलं असतं. रकाना बरोबर, तारीख बरोबर, सगळं साफ, आणि मांडवीचा ठिपका नकाशावर झळकला असता. कॉम्प्युटर चोर पकडत नाही, त्याला रासमुसेनबाईच लागतात. फरक पुढं पडतो. डेटा मूळ संस्थेकडंच राहतो, त्यांनी आपल्याकडची नोंद दुरुस्त करून पुन्हा प्रकाशित केली की ती दुरुस्ती त्या सामायिक जागेत पण येते, आणि नंतर डाउनलोड करणाऱ्या प्रत्येकाला सुधारलेलीच मिळते. कपाटातल्या लेबलवर पेन्सिलीनं काट मारली तर ती कपाट उघडणाऱ्यालाच दिसते.

आपल्याकडची अडचण दुसरीच. कॉलेजात विचारलं की पहिला प्रश्न येतो, आमचा डेटा आम्ही फुकट का द्यायचा? राग समजू शकतो, आधी नमुने नेले, आता माहिती पण द्या! पण नेलेल्या नमुन्यांची माहिती तरी याच वाटेनं इथल्या अभ्यासकाला घरबसल्या मिळायला लागलीय, ती वाट एकेरी कशी चालेल? शिवाय जीबीआयएफवरनं कुणी डाउनलोड केलं की त्या डाउनलोडला स्वतःचा कायमचा क्रमांक मिळतो, डीओआय, आणि पेपरमध्ये तो दिला की कुणाकुणाचा डेटा वापरला ते मोजता येतं. म्हणजे तुमच्या कॉलेजचं नाव कपाटात राहिलं तर शून्य, तिथं गेलं तर मोजलं जाणार.

एक भीती मात्र खरी आहे. दुर्मिळ पक्ष्याचं घरटं नेमकं कुठं हे उघड झालं की कॅमेरेवाल्यांची जत्रा भरते, शिकारी वेगळेच. म्हणून संकटातल्या जातींचं ठिकाण मुद्दाम पुसट करून देण्याची सोय असते, आयनॅचरलिस्टवर, म्हणजे फोटो टाकून इतरांकडनं जातीची ओळख पटवून घ्यायच्या साइटवर, तर ठिपका साधारण वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठंतरी टाकतात.

आणि हो, तुमच्या-माझ्यासारख्या एकट्या माणसाला जीबीआयएफवर थेट काही टाकता येत नाही, तिथं संस्थाच लागते. पण ईबर्ड या पक्षीनिरीक्षकांच्या साइटवर पाहिलेल्या पक्ष्यांची यादी टाकलीत तर ती पुढं तिथं पोचते, जीबीआयएफमधला सगळ्यात मोठा वाटा ईबर्डचाच आहे, आणि त्यामुळंच तिथं पक्षी उदंड आणि किडे, बुरशी, गोगलगायी अगदी गरीब. तेव्हा पावसाळ्यात ताम्हिणीला गेलात तर धबधब्यासमोरच्या सेल्फीनंतर जरा दगडावरच्या गोगलगायीचा पण फोटो काढा आणि आयनॅचरलिस्टवर टाका. फक्त सेटिंगमध्ये जाऊन लायसन्स, म्हणजे इतरांना वापरायची परवानगी, बघून घ्या, तिथं 'सर्व हक्क राखीव' असेल तर दहा जणांनी ओळख पटवून दिली तरी तुमची गोगलगाय कोपनहेगनपर्यंत जायची नाही.