माजी विद्यार्थ्यांचा क्लब, आणि स्वतःची इमारत!

नमस्कार मंडळी! दर डिसेंबरला नौपाड्यात एखादा हॉल घेऊन कॉलेजच्या जुन्या बॅचेस भेटतात. जेवण होतं, ग्रुप फोटो होतो, आणि कुणीतरी माइक हातात घेऊन म्हणतंच, "आपली स्वतःची जागा पाहिजे राव!" टाळ्या पडतात. विषय पुन्हा निघतो तो पुढच्या डिसेंबरला.

तर जागा खरंच घेतली की काय होतं? त्यासाठी आज न्यूयॉर्कला जाऊ.

येल विद्यापीठ न्यूयॉर्कात नाही, ते शेजारच्या कनेक्टिकट राज्यात न्यू हेवनला. पण शिकून पोरं नोकरीधंद्याला यायची ती न्यूयॉर्कला. त्यांनी १८९७ साली क्लब काढला. हार्वर्डवाल्यांनी त्याआधीच, १८९४ मध्ये, ४४व्या रस्त्यावर देखणी इमारत उठवली होती. मग येलवाले मागे कसे राहतील? १९०१ मध्ये त्याच रस्त्यावर, ३० नंबरला, त्यांचंही घर झालं. हा ३० नंबर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तेही पुरेना. १९१३ मध्ये ग्रँड सेंट्रल स्टेशनची नवी इमारत सुरू झाली आणि दोनच वर्षांत, १९१५ मध्ये, येल क्लब तिच्यासमोर २२ मजली इमारतीत गेला. आर्किटेक्ट जेम्स गँबल रॉजर्स, तोही येलचाच. न्यू हेवनची गाडी याच स्टेशनात येते. गाडीतून उतरा, रस्ता ओलांडा, की राहायला खोली, जेवण, लायब्ररी, पोहण्याचा तलाव, सगळं एका छताखाली. स्टेशनसमोरच्या जागेची किंमत ठाणेकरांना मी काय सांगणार!

१९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली. असं सांगतात, की क्लबने आधीच इतका साठा करून ठेवला होता की बंदी उठेपर्यंत तो पुरला. खरंखोटं तळघरालाच माहीत.

बायकांचा किस्सा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९६९ मध्ये येलने पदवीच्या वर्गात मुली घेतल्या आणि क्लबनेही त्याच वर्षी स्त्रियांना सभासद केलं. म्हणजे नाव यादीत लागलं. बार, जेवणघर आणि व्यायामशाळा उघडायला १९७४ उजाडलं. आणि तलाव? १९८७! पाण्यात उतरायला अठरा वर्षं. जागा स्वतःची असली की नियमही स्वतःचे, त्याची ही दुसरी बाजू.

आता पैशांचं बोलू. अशी इमारत नुसत्या वर्गणीवर चालत नाही. खोल्या भरलेल्या लागतात, लग्नं आणि कंपन्यांच्या जेवणावळी लागतात. प्रिन्स्टन विद्यापीठवाल्यांचा क्लब १९६३ पासून ४३व्या रस्त्यावर स्वतःच्या इमारतीत होता. डोक्यावर कर्ज होतं. कोविडमध्ये धंदा बसला, कर्ज थकलं आणि २०२१ मध्ये क्लबला कुलूप लागलं. सोसायटीच्या सभेत लिफ्टच्या खर्चावरून होणारी भांडणं ज्यांनी ऐकलीत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

मग प्रिन्स्टनवाले गेले कुठे? पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पेन क्लबने त्यांना सामावून घेतलं. पेन क्लब १९९४ पासून ज्या इमारतीत आहे तिचा पत्ता ऐका: ४४वा रस्ता, ३० नंबर. येलवाल्यांनी १९१५ मध्ये सोडलेलं तेच घर.