पिस्तूल, चोरजिना आणि वेअरची दफननोंद

‘विकेड लेडी’, म्हणजे ‘दुष्ट लेडी’, कॅथरीन फेरर्सची कथा तुम्हाला ठाऊक असेल. इंग्लंडच्या हर्टफर्डशरमधल्या मार्कयेट सेल या वाड्याची तरुण मालकीण रात्री चोरजिन्याने उतरायची, पुरुषी पोशाख चढवायची आणि वॉटलिंग स्ट्रीट या जुन्या हमरस्त्यावर प्रवाशांना लुटायची. राल्फ चॅप्लिन नावाचा शेतकरी तिचा साथीदार. एका रात्री नोमॅन्सलंडच्या माळावर तिला गोळी लागली आणि कशीबशी घर गाठून ती जिन्याच्या दाराशीच गेली.

आता कागद पाहू. कॅथरीन फेरर्सचा जन्म १६३४चा. वडील लहानपणीच गेले, आईने फॅनशॉ घराण्यात दुसरं लग्न केलं आणि १६४२ मध्ये तीही वारली. मागे उरली मोठ्या मालमत्तेची एकुलती वारसदार. १६४८ मध्ये, चौदावं वर्ष पुरं व्हायच्या आत, सावत्र बापाने आपल्या पुतण्याशी, थॉमस फॅनशॉशी, तिचं लग्न लावून दिलं. तेव्हाच्या कायद्याने बायकोच्या जमिनीचा कारभार नवऱ्याकडे जाई. फॅनशॉ राजाच्या बाजूचे. राजा आणि पार्लमेंट यांच्या यादवीत हरलेल्या अशा घराण्यांवर पार्लमेंटची जप्ती आणि दंड. मग कॅथरीनच्या जमिनी विकल्या जाऊ लागल्या. मार्कयेट सेलही १६५०च्या दशकातच हातचा गेला. ती वारली १६६०च्या जूनमध्ये. म्हणजे ज्या वाड्याच्या दाराशी तिचं प्रेत सापडलं म्हणतात, तो तेव्हा दुसऱ्याचा होता!

अंतराचंही बघा. नोमॅन्सलंड ते मार्कयेट सरळ रेषेतसुद्धा अकरा-बारा किलोमीटर भरतं. अंगात गोळी, वाहतं रक्त, रात्रीची वेळ आणि घोडा. अशक्य म्हणणार नाही, पण कथा हे फार सहज उरकते.

आणि पिस्तूल. ते ठासणीचं, एका वेळी एकच बार. आधी नळीत दारू, मग शिशाची गोळी, गजाने ठासायचं, शेवटी कान्यात, म्हणजे नळीच्या बाजूच्या छिद्राशी, रंजक, म्हणजे बार पेटवायची बारीक दारू. धावत्या घोड्यावर हे जमत नाही, म्हणून स्वार खोगिराला दोन पिस्तुलं अडकवत. रंजक दमट झाली की ठिणगी पडूनही बार उडत नाही. कधी नुसती रंजकच जळते आणि नळीतली दारू तशीच राहते. त्यामुळे लुटारूची भिस्त गोळीपेक्षा धाकावर. बग्गी चढावर, चिखलात मंदावली की अडवायची आणि कुणी प्रतिकार करण्याआधी पसार व्हायचं.

समकालीन कागदांत मात्र तिच्यावर ना फिर्याद, ना खटला. ही कथा छापील स्वरूपात दिसते ती एकोणिसाव्या शतकात. हर्टफर्डशरमधल्याच वेअर गावच्या सेंट मेरी चर्चमध्ये तिचं दफन झालं. फॅनशॉंच्या दफनाच्या तळघरात तिला का ठेवलं नाही, म्हणून कुजबुज करणारे आहेत. मृत्यूचं कारण दफननोंदीत सहसा लिहीतच नसत, त्यामुळे त्या रिकाम्या जागेत कुणीही गोळी घालू शकतो. ‘लेडी’ म्हणावं तर सासऱ्याला व्हायकाउंट ही सरदारकी मिळाली १६६१ मध्ये, ती गेल्यावर.

मग ‘दुष्ट’ हे विशेषण कुठून आलं? एक तर्क मला पटतो. १७६० मध्ये लॉरेन्स शर्ली, चौथा अर्ल फेरर्स, आपल्या कारभाऱ्याच्या खुनासाठी लंडनच्या टायबर्नला फासावर गेला. तो खटला देशभर गाजला. फेरर्स नावाला डाग लागला तो तेव्हा. लोकांच्या तोंडी शंभर वर्षं मागेपुढे व्हायला वेळ लागत नाही, आणि कॅथरीनच्या बाजूने बोलायला तिला मूलबाळही नव्हतं.